बावीस गाठींची सुतळी

१ नोव्हेंबर, शनिवार

ही वही पौर्णिमानं दिली. म्हणाली, आई, कोणाला काही बोलावंसं वाटलं की पहिले इथं लिही, मग बोल. माझी लेक अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांना सुया टोचते अन् मला गोड बोलायला शिकवते. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण कोंबडीला वाचता आलं म्हणजे झालं.

नाव रुख्मिणी. दीड एकर ओलिताचं वावर आहे. नवरा देवीदास भाजी पिकवतो, मी गुरुवारच्या बाजारात विकते. आम्ही तेवीस जणी एका ओळीत बसतो. ओळीचं एक टोक कडूनिंबाखाली, रस्त्याच्या तोंडाशी. सावली तिथं अन् गिऱ्हाईकही पहिले तिथं. दुसरं टोक उघड्या नाल्यावर. तिथं वास, माशा, दुपारभर ऊन. गिऱ्हाईक तिथवर पोचते तोवर त्याची पिशवी भरलेली असते.

बारा वर्षांआधी ह्या जागांवरून डोकी फुटली होती, तेव्हा मी पाळी काढली. गोल बांधलेली एक सुतळी. प्रत्येक बाईची एक गाठ, गाठीत तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी. दर गुरुवारी सेफ्टी पिन एक गाठ पुढं सरकते. पिन जिच्या गाठीवर ती निंबाखाली, बाकीच्या तिच्यामागं ओळीनं, शेवटची नाल्यावर. सुतळी पार्बताबाईकडं असते. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली, दोन टोपल्या रानभाजी आणते. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून म्हटलं, एवढं काम तरी तिच्याकडं असू द्या. नाल्यावरची पाळी जिची असली अन् तिच्याकडं माल जास्त असला, तर पार्बताबाईच तिथं बसते. तिचं काही म्हणणं नसते.

मी स्वतः चार वर्षांपासून निंबाखालीच बसते. गुडघा. उन्हात सुजते. सगळ्यांना मान्य आहे, कोणी चकार शब्द काढला नाही. पाळी दुसऱ्या जागेपासून फिरते.

हे सगळं आज कावून लिहिलं, तर नगरपरिषदेची निवडणूक लागली आहे. बाजारात पक्के ओटे होणार. नवा नगराध्यक्ष ठरवणार कोणता ओटा कोणाच्या नावावर. एकदा नाव चढलं की मरेपर्यंत तोच. एकीला जन्माची सावली, एकीला जन्माचा नाला. अन् आमची पाळी गेली चुलीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी बाजारात हातातला तराजू खाली ठेवला, भर गर्दीत. असं कधी होत नाही.

दोन उमेदवार आहेत. दोघंही अपक्ष, दोघंही म्हणतात आम्ही पुरोगामी. एक वकीलबाई रागिणीताई, अकोल्याच्या कोर्टात काम करते, घर इथं. दुसरे धर्मपाल सर, अमरावतीला कॉलेजात शिकवत होते, आता निवृत्त. बाकीचे उमेदवार मी मोजत नाही. ते जेवण घालतात.

सकाळी रागिणीताईचा गुलाबी कागद आला. त्यात लिहिलं होतं, बाजारातले ओटे कोणाच्या नावावर होणार नाहीत, दर आठवड्याला पाळीनं फिरतील. खाली ठळक अक्षरात, अशी अभिनव कल्पना राज्यात प्रथमच. मला अभिनव कळलं नाही. मिरच्यावाली चतुराबाई आज माझ्या जवळच बसली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "नवीकोरी. तुया चपलेसारखी नाही."

दुपारी धर्मपाल सरांचा पांढरा कागद आला. त्यातही तेच. ओटे पाळीनं. खाली लिहिलं, अनेक वर्षांच्या स्वतंत्र चिंतनातून.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.  एकाच गावात दोघांना एकाच महिन्यात एकच नवीकोरी गोष्ट सुचली? अन् ती आमच्या ओळीत बारा वर्षांपासून चालू आहे?

चतुराबाई म्हणाली दोघंही चोर आहेत. मी म्हटलं, एक चोर असेल, दुसरा त्याचा चोर असेल. पण पहिला कोण ते काढायचं. माझा हिशेब सरळ आहे. जे स्वतःच्या डोक्यातून निघते ते माणूस विसरत नाही. उसनं आणलेलं पहिल्या अडचणीत हातून सुटते. ज्याची कल्पना त्यालाच ओळीतली तेवीस घरं मत देतील. बायका म्हणाल्या, रुख्मिणी, तूच काढ शोधून. पार्बताबाई अंबाडीच्या जुड्या बांधत होती.  ती बोलतच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दोघांचे कागद पूर्ण वाचले. एकेक ओळ, बोट ठेवून.

रागिणीताई: बाजारात बायकांसाठी संडास, पाणी असलेलं. लेकरांसाठी पाळणाघर. पाळीचे ओटे.

धर्मपाल सर: दर वॉर्डात सभा, पैसा कुठं लावायचा ते लोक सांगतील. वाचनालय. पाळीचे ओटे.

संडासाला माझे दहापैकी दहा. सकाळी सहापासून पाणी न पिता बसणारीलाच ते कळते. सभेला पाच. सभेत देवीदाससारखे माना हलवतील अन् जे ठरायचं ते पानठेल्यावर ठरेल. वाचनालयाला दोन, कारण तिथं सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या खपत नाहीत.

देवीदास म्हणाला, तू काय परीक्षा घेऊन राहिली का? मी म्हटलं, कोणीतरी घेतली पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

अकोल्याला गेली. पौर्णिमाकडं जायचंच होतं, म्हटलं तिला घेऊन रागिणीताईचं ऑफिसही पाहून येऊ. रविवार असून उघडं होतं, निवडणूक आहे ना.

ताई गोड बोलते, पण डोळ्यात पाहून बोलते, तेवढं बरं. मी चहा यायच्या आधीच विचारलं, पाळीचे ओटे तुम्हाला कसे सुचले? ती म्हणाली, मी बरीच वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण हे कोणत्या दिवशी सुचलं? वकीलबाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, दोन वर्षांआधी दवाखान्यात शिबिर होतं. तिथं एका नर्सनं सांगितलं की तिच्या आईनं बाजारात अशी पाळी सुरू केली. नर्सचं नाव काही आठवत नाही.

 मी पौर्णिमाकडं पाहिलं. पौर्णिमा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहून राहिली होती.

म्हणजे राज्यात प्रथमच म्हणजे मी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल बाजारात वेळ नाही भेटला, म्हणून आज वांगी घेऊन धर्मपाल सरांच्या घरी गेली. वांगी भेट नाही दिली, विकली. भेट दिली असती तर उत्तर गोड आलं असतं.

सर खरं बोलायला वेळ घेतात. आधी मला पुरोगामी म्हणजे काय ते समजावलं. मी म्हटलं, सर, ते मला पौर्णिमानं सांगितलं. जो पुढं जातो अन् मागच्याला सोबत घेतो तो. आता ओट्यांचं सांगा. सर चष्मा पुसत म्हणाले, "बाई, मी दर गुरुवारी तुमच्याकडंच भाजी घेतो. पाच-सहा वर्षांपूर्वी तुम्हीच एकदा सांगितलं होतं, ही पाळी मी काढली म्हणून. डोक्यात राहिलं. पुढं ते माझंच वाटायला लागलं."

तेव्हाच मला आठवलं. सांगितलं होतं खरं. मी सगळ्यांनाच सांगते.

रस्त्यानं येताना हसू येत होतं. दोघं शिकलेले, दोघं भाषण देणारे, अन् दोघांची वही माझ्या तराजूखाली. बाप्पा!

१६ नोव्हेंबर, रविवार

गावात माहीत झालं सगळ्यांना. रागिणीताईचा माणूस येऊन गेला, धर्मपाल सरांचाही. सत्तावीस तारखेच्या बाजारात दोघांची एकत्र सभा आहे, दोघांनाही माझा सत्कार करायचा आहे. दोन शाली येतील. चतुराबाई म्हणाली, एक पांघर अन् एक अंथर.

ओळीतल्या बायका रस्त्यात भेटल्या, त्यांना सांगितलं तेव्हा हसल्या, पण हसू अर्धंच होतं. जळतात. पार्बताबाई म्हणाली, "साजरं झालं." एवढंच. मग टोपली उचलून गेली.

देवीदासला म्हटलं, नवं लुगडं घालीन. तो म्हणाला, घाल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू? आज जे झालं ते कोणाला सांगायच्या लायकीचं नाही, म्हणून इथं लिहिते.

धर्मपाल सर वही घेऊन बाजारात आले. भाषणात सुतळीबद्दल सांगायचं होतं, म्हणून पाहायला मागितली. पार्बताबाईनं टोपलीच्या तळातून काढून दिली. सरांनी ती हातात फिरवली अन् मला विचारलं, "बाई, तुम्हाला तर लिहिता येतं. मग यादी करायची सोडून गाठी कशाला मारल्या?"

मी एका दमात उत्तर दिलं. म्हटलं, सर, ओळीतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. यादी केली असती तर ती वाचणारीच्या हाती गेली असती. गाठ बोटाला कळते, चिंधी डोळ्याला कळते. सर म्हणाले, वा, केवढा विचार. अन् लिहून घेतलं.

इतकं साजरं उत्तर माझ्या तोंडून निघालं अन् मीच थंड पडली. कारण हा विचार मी कधी केलाच नव्हता. हे शब्द माझे नव्हते. हे मी ऐकले होते, कोणाच्या तरी तोंडून, ह्याच जागी.

पार्बताबाईकडं नजर गेली. ती खाली पाहून चिवळीची भाजी निवडत होती. निवडलेली चिवळ पुन्हा निवडत होती.

सरांनी गाठी मोजल्या. "बायका तेवीस, गाठी बावीस?"

मी म्हटलं, माझी नाही.

"का?"

"गुडघा."

ते सरांनी लिहिलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस वावरात आहे. भेदरं, पौर्णिमाच्या भाषेत टमाटे, तोडते अन् आठवते. देवीदास विचारतो बरं नाही का. बरं आहे.

बारा वर्षांआधी चतुराबाईच्या कपाळाला टाके पडले होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी सगळ्या आपापले दगड घेऊन जागा धरायला पहाटेच आल्या होत्या. तेव्हा पार्बताबाई माझ्याकडं आली. माझा आवाज मोठा म्हणून माझ्याकडं. हातात सुतळी होती, गाठी आधीच मारलेल्या होत्या. तिनं हळूच सगळं समजावलं, यादी कावून नको तेही सांगितलं. मी सुतळी तिच्या हातातून घेतली अन् दगडावर चढून ओरडली.

एवढंच केलं मी. ओरडली.

अन् हे मी विसरली कशी? लपवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. लपवलं नाही. खरंच विसरली. धर्मपाल सर म्हणाले तसंच, पुढं ते माझंच वाटायला लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पार्बताबाईच्या घरी गेली. नाला ओलांडून दोनशे पावलं. बारा वर्षं एका ओळीत बसतो, पण तिचं घर आज पाहिलं.

तिनं चटई टाकली, पाणी दिलं. मी पाणी प्यायची वाट ती पाहून राहिली होती, ते मला कळलं. मी प्याली. मग म्हटलं, पाळी तुझी आहे, तू बोलली कावून नाही?

ती हसली. म्हणाली, "काढली मी, पन सांगतली तुमी. मी सांगतली असती तं आयकलं असतं का कोनं? तुमी ओरडल्या म्हून ओळ बसली. मले त्याचं काई नाही वाटलं."

मी म्हटलं, मग आता गुरुवारच्या सभेत सांगून टाकते म्हणजे झालं.

ती चुलीत काटकी सारत होती. हात थांबला. "त्याचं नाही वाटलं," ती म्हणाली. "तुमी आपली गाठ सोडली न, तवा वाटलं."

मी माझा रिकामा गडू स्वतःच धुवून पालथा घातला अन् निघाली. 

घरी येऊन ही वही मागं उलटून वाचली. सहा तारखेला मीच लिहिलं आहे, उसनं आणलेलं पहिल्या अडचणीत हातून सुटते. मी त्या दोघांसाठी लिहिलं होतं. माझी पहिली अडचण गुडघा.

अन् एक तारखेचं वाचलं. "तिचं काही म्हणणं नसते." हे माझंच अक्षर आहे.  माल जास्त असला की नाल्यावर पार्बताबाई, हा नियम कोणी काढला? त्याचा सत्कार कोणी करत नाही. तो खरंच माझा आहे. माझ्याच डोक्यातून निघालेला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चूल पेटवायच्या आधी हे लिहिते.

सभा बाजारातच होती, निंबाखाली, माझ्याच जागेवर टेबल मांडून. दोघं उमेदवार खुर्च्यांवर, दोन शाली घडी करून ठेवलेल्या. मी नवं लुगडं नाही घातलं. बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ही पाळी ह्या दोघांनी काढली नाही, अन् मीही काढली नाही. पार्बताबाईनं काढली. गाठी तिच्या. मी फक्त दगडावर चढून ओरडली अन् बारा वर्षं ओरडतच राहिली.

मला वाटलं बाजार हादरेल. कोणी हललं नाही. मिरच्या तोलता तोलता चतुराबाई म्हणाली, "आमाले ठाऊकच होतं वं. तुले सांगून कोन आपलं तोंड पोळून घेईन?"

बावीसच्या बावीस जणींना ठाऊक होतं.  त्या दिवशीचं अर्धं हसू, ते जळणं नव्हतं. चार वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही, तेही मान्य होतं म्हणून नव्हतं. मला भिऊन होतं.

रागिणीताईनं लगेच माणसाला सांगितलं, पार्बताबाईंना बोलवा, शाल त्यांना देऊ. शाल तीच, बाई बदलली. धर्मपाल सर उठून स्वतः ओळीच्या टोकाला गेले. पार्बताबाई नाल्यावर बसली होती. पाळी चतुराबाईची होती, पण चतुराबाईकडं माल जास्त. सरांनी हात जोडून या म्हटलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक हाये." अन् खरंच होतं.

सर तिथंच उभे राहिले. दर गुरुवारी बाजारात येतात, पण ह्या टोकाला पहिल्यांदाच आले असावेत, कारण त्यांनी रुमाल नाकाला लावला अन् मग लाजून काढला. रागिणीताईही मागून आली. मी तिथं गाठलं दोघांना. म्हटलं, ओटे पाळीनं करू म्हणता, पण ज्या बाईचा आवाज नाही तिच्या गळ्यात नाला पडतोच. त्याचं काय करान?

सर म्हणाले, पाळीची यादी भिंतीवर लावू, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, सर, यादीचं आपलं बोलणं झालं आहे. सर मान खाली घालून हसले.

रागिणीताई नाल्याकडं पाहून राहिली होती. म्हणाली, "हा झाकून टाकू. वरून फरशी टाकली की हे टोकच राहणार नाही." मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "कोणी नाही. आत्ता वास आला म्हणून सुचलं."

खरं सांगते, हे तिचं स्वतःचं होतं. मी तोंड पाहून ओळखलं. एवढ्या दिवसांत कोणाच्या तोंडून निघालेली पहिली न उसनी गोष्ट. सर लगेच म्हणाले, मीही हेच म्हणणार होतो. बाया इतक्या हसल्या की चतुराबाईच्या मिरच्या सांडल्या.

हसू थांबलं तेव्हा पार्बताबाई बोलली. जुडी बांधता बांधता, वर न पाहता. "झाकान तवा झाकान. तवापर्यंत इथं कोन बसन?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांच्याही कागदावर ते नव्हतं.

मी म्हटलं, येत्या गुरुवारी मी.

४ डिसेंबर, गुरुवार

मंगळवारी मतदान झालं. मी कोणाला दिलं ते लिहीत नाही, पौर्णिमा ही वही वाचते. आधी एकाचं नाव पक्कं होतं, मग दुसऱ्याचं, मग बटणापाशी मतदान घेणाऱ्या बाईनं हाक मारेपर्यंत उभी राहिली.

आज सकाळी लवकर गेली. पार्बताबाई आली तेव्हा मी म्हटलं, सुतळी काढ, माझी गाठ घाल. ती म्हणाली, "तुमी सोडली, तुमीच बांधा." मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी आणली होती. पदर खोचला अन् बसली.

साधी गाठ मारली तर चिंधी निसटली. डबल मारली तर घट्ट बसली, पण पिन जाईना. तिसऱ्यांदा सुतळी पिळून गोळा झाली. ओळीतल्या सगळ्या आपापली डाली उतरवून पाहायला उभ्या राहिल्या. चतुराबाईनं तोंडावर पदर धरला. ही मोळीची गाठ असते, रानातून भाजी अन् काटक्या डोक्यावर आणणाऱ्या बायकांची. ओझं सुटत नाही, अन् एका ओढीत मोकळी होते. चार वर्षांआधी मी ती ओढ दिली होती. तेव्हा सोपं वाटलं होतं.

शेवटी पार्बताबाईनं माझी बोटं धरली अन् त्यांच्यातून सुतळी ओवून दाखवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाली, आता तुमी करा.

मला अजून येत नाही. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा दाखवणार आहे. तोवर तेविसावी चिंधी तिच्या हाताच्या गाठीत आहे, पिन तिच्या गाठीवर, अन् मी नाल्यावर. वांगी अर्धी परत आली. गुडघा सुजला.

निंबाखाली पार्बताबाई बसली होती. दुपारी मी इथून हाक मारून विचारलं, सावली कशी आहे? गर्दीत तिला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तिथवर पोचला नाही.

इथून तिथवर तिचाही कधी पोचला नसेल.